उघड्या बॉनेटपुढचं निरांजन

भावोजी, रविवारी सकाळी तुमच्या गाडीचं बॉनेट उघडलं. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदाच. चावी देताना ताई म्हणाली, "चालू होते का तेवढं बघ. ठेवायची की विकायची ते मागाहून ठरवू." मी विचारलं, दुधाच्या पिशव्या कुठे आहेत? ती रडेल असं मला वाटलं होतं. ती हसली. "ओट्याखाली. धुऊन, वाळवून, घड्या घालून ठेवल्यात त्यांनी. मी हात लावलेला नाही." मग तिने पाठ फिरवून नळ सोडला. त्या वेळी नळाला पाणी नसतं हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

खाली गाडी खांबांमधल्या तिच्या जागेवर उभी होती. पुढचा एक टायर बसला होता. बॅटरीच्या टोकांवर पांढरी खरपुडी चढली होती. मिठागरांवरचा वारा लोखंडाला सोडत नाही, असं तुम्ही म्हणायचात. एअर फिल्टरच्या डब्यापाशी उंदराने काथ्या आणि कागदाचे कपटे गोळा केले होते. इंजिनाच्या कडेला तेलाचा चिकट थर होता आणि त्यावर धूळ बसली होती. तेल, धूळ, कागद. तुम्ही अशा इंजिनाला 'पेटायला बसलेलं' म्हणायचात.

मी तुमच्याच क्रमाने सुरुवात केली. घड्याळ आणि अंगठी काढून खिशात ठेवली. इंजिन थंड आहे हे ठाऊक असूनही त्यावर हात टेकवून पाहिला. पाना घेतला आणि बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सोडवायला घेतली. दुसरी तार आधी सैल केली आणि पाना चुकून पत्र्याला टेकला, तर ठिणगी उडते. हे तुम्ही मला इतक्या वेळा सांगितलंत की शेवटी मी वैतागून म्हणायचो, "भावोजी, कळलं." तुम्ही म्हणायचात, "कळलं असतं तर हात थरथरला असता."

रविवारी हात थरथरत होता.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. तुमच्या आई, माई, कठडा धरून एकेक पायरी उतरत होत्या. गुडघ्यांमुळे त्या फारशा खाली येत नाहीत, आणि तुम्ही गेल्यापासून तर त्यांनी उंबरठाही ओलांडला नव्हता. गाडीपासून लांब, शेजारच्या मनसुखभाईंच्या स्कूटरजवळ त्या थांबल्या.

"सुधीर, मी बुधवारी गावी जाते आहे. तिकीट आणवलंय."

"ताई म्हणाली मला. परत कधी येणार?"

"परत नाही." त्या गाडीकडे पाहत नव्हत्या. "जाण्याआधी एक सांगायचंय. ही गाडी कुणाला विकू नका. भंगारात घाला."

"का, माई?"

"आपल्याला जे बाधलं ते दुसऱ्याच्या घरात कशाला घालायचं?" मग त्या थोड्या पुढे आल्या. "तू होतास त्या दिवशी. मला एवढंच सांग. त्याने दिवा का विझवलान?"

मी म्हणालो, "थांबा माई, तार सोडवतोय."

तार केव्हाच सुटली होती. ती हातात धरून मी उभा होतो.

भावोजी, माईंच्या मनात काय आहे ते तुम्हाला सांगायला हवं, कारण तुम्ही असताना ते नव्हतं. गेल्या दसऱ्याला तुम्ही त्यांच्या हातातलं निरांजन फुंकर मारून विझवलंत. गाडीपुढे, पूजा चालू असताना. वर्ष पुरं व्हायच्या आत तुम्ही गेलात. माईंनी या दोन गोष्टी एकमेकींना जोडल्या आहेत. देवापुढच्या दिव्याला त्यांच्या तोंडी 'विझला' हा शब्द कधी येत नाही. दिवा शांत होतो, दिवा मालवतो. तोंडाने तर कुणी फुंकायचाच नाही. दिवा उष्टा होतो. पण त्या दिवसाविषयी बोलताना त्या दर वेळी 'विझवलान' असंच म्हणतात, आणि म्हणताना स्वतःच्या तळहाताकडे बघतात. त्यांचा दोष तुमच्यावर नाही. तबक आपल्या हातात होतं, आपण नीट धरलं नाही, आपण तुम्हाला चिडवलं असणार, म्हणून हे झालं, असं त्यांनी धरून ठेवलंय. देवघरातला दिवा हल्ली ताई लावते. माई त्याला हात लावत नाहीत. आणि आता ज्या घरात आपल्या हातून असं झालं त्या घरात राहायचं नाही, असं त्यांनी ठरवलंय. गावच्या घरी कुणी नाही. ताईने विनवलं, तुमच्या लेकीने, मनूने गळ्यात हात टाकले, तरी तिकीट आलं.

दिवा का विझवलात याचं उत्तर मला माहीत होतं. ते द्यायचं नाही असं तुम्ही मला बजावलं होतं.

मी पिशव्या लावायला घेतल्या. ज्या काळ्या झाकणातून प्लगना ठिणगी जाते त्या डिस्ट्रिब्युटरवर एक, कॉइलवर एक, कार्बोरेटरच्या तोंडावर एक. प्रत्येकीला रबरबँड. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी हसलो होतो. तुम्ही नुकतेच गिरगावातली खोली सोडून पेणकरपाड्याजवळच्या या इमारतीत आला होतात, आणि सेकंड हँड गाडी हे या जिन्यावरचं मोठं प्रकरण होतं. ताई गॅलरीतून ओरडली होती, "सुधीर, बघ रे! इंजिनाला रेनकोट! मला पावसात कधी साधी पिशवी धरली नाही डोक्यावर!" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "तू भिजलीस तर बंद पडत नाहीस." ती म्हणाली, "पडून दाखवू?"

आणि माई, तेव्हाच्या माई, खुर्ची टाकून बसलेल्या: "गाडी आहे की बाळंतीण? पुसतोस काय, शेकतोस काय, गुंडाळतोस काय!"

मनसुखभाई स्कूटरवर बादली ओतून मोकळे व्हायचे आणि कंबरेवर हात ठेवून विचारायचे, "प्रभाकरभाई, गाडी चलाते कब हो? जब देखो तब मालिश!" त्यांचं म्हणणं साधं होतं. हायवेवर सर्व्हिसिंगवाला आहे, पाईप मारतो, इंजिन आरशासारखं होतं. तुम्ही त्यांना समजावायचात की इंजिन पुसायचं असतं, धुवायचं नसतं. शिवाय आपल्या बोअरचं पाणी मचूळ. वाळलं की तारांच्या जोडांवर मीठ राहतं. टँकरचं गोडं पाणी इंजिनावर ओतायला काढलंत तर बायका जिवंत ठेवणार नाहीत. म्हणून रॉकेलचा बोळा, जुना टूथब्रश, कोरडं फडकं, अगदीच लागलं तर तांब्याभर गोडं पाणी, आणि मग गाडी उन्हात ढकलून बॉनेट उघडं ठेवायचं. मनसुखभाई सगळं ऐकून घ्यायचे. "ठीक छे," म्हणायचे आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा बादली.

मला वाटायचं, तुम्ही टापटिपीचे आहात. तुम्ही विमा कार्यालयात आगीच्या दाव्यांच्या टेबलावर बसायचात. जळालेल्या गोदामांचे, दुकानांचे, गाड्यांचे फोटो रोज तुमच्या हातांखालून जायचे. घरी येऊन गॅसचं बटण दोनदा बघणं, झोपण्याआधी मिक्सरचा प्लग काढणं, हे त्या नोकरीचं वळण असेल असं मी समजत होतो.

आपला एक वाद त्यावरूनच होता आणि तो तसाच राहिला. "तुम्हा पेपरवाल्यांच्या राज्यात प्रत्येक आग शॉर्ट सर्किटनेच लागते," तुम्ही म्हणायचात. "कुणी जाऊन पाहिलं? कुणाला विचारलं?" मी सांगायचो की अंक छापायला जायचा असतो, अग्निशमन दलाचा माणूस फोनवर जे म्हणतो ते आम्ही लिहितो, प्राथमिक अंदाज असं म्हणूनच लिहितो. तुम्ही म्हणायचात, "प्राथमिक अंदाज! मग दुसरा अंदाज कधी छापता?" तुम्ही पुढे सांगायचात की निम्म्या वेळा कुणीतरी काहीतरी साधं केलेलं असतं. डबा उघडा ठेवलेला असतो, बोळा पेटत्या स्टोव्हजवळ टाकलेला असतो. पण घरच्या माणसाचं नाव कोण घेणार? म्हणून शॉर्ट सर्किट. तारेला बोलता येत नाही.

गेल्या दसऱ्यानंतर हा विषय तुम्ही पुन्हा काढला नाहीत. मी एकदा मुद्दाम काढला, तर तुम्ही मनूच्या दप्तराचा पट्टा शिवत राहिलात.

आता मी त्या सकाळचं सांगतो. जसं घडलं तसं.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात गॅसचा सिलिंडर आला नव्हता. घरातलं रेशनचं रॉकेल स्टोव्हला लागत होतं आणि ताईने डबा कपाटात ठेवला होता. "सणाचं जेवण करू की इंजिन पुसू?" ती म्हणाली. "पेट्रोल-बिट्रोल वापरू नका हं. कोरडंच पुसा." तुम्ही हो म्हणालात. पण तेलाचा थर कोरड्या फडक्याने निघेना, आणि दसऱ्याला गाडी मळकी ठेवणं तुम्हाला जमेना. तुम्ही छोट्या डब्यात पेट्रोल काढून आणलंत आणि बोळा बुडवून थर पुसलात. मी समोर उभा होतो. मी तुमच्याकडे पाहिलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "उडून जातं. उन्हात ढकलली की संपलं."

पण त्याच वेळी टँकर आत आला. इमारतीच्या बायका हंडे, कळशा, पिंपं घेऊन जमल्या आणि आवाराची वाट बंद झाली. गाडी बाहेर ढकलता येईना. ती खांबांमध्ये, भिंतीच्या आडोशाला, बॉनेट उघडं टाकून वाळत राहिली. तिथे वारा नव्हता. पेट्रोलचा वास येत होता, पण सणाच्या सकाळी तिथे उदबत्तीचाही वास होता, झेंडूचा होता, टँकरवाल्याच्या डिझेलचा होता.

माई तबक घेऊन खाली आल्या. हळद-कुंकू, अक्षता, झेंडू, आपट्याची पानं, निरांजन. तुम्ही म्हणालात, "आई, थोडं थांब, मी बॉनेट लावतो."

"लावू नकोस," माई म्हणाल्या. "दर वर्षी वरच्या पत्र्याला कुंकू लावते. पत्र्याची कसली पूजा? आज यंत्र उघडं आहे तर यंत्राचीच करते. तुझी बाळंतीण न्हाली ना?"

मी हसलो. तुम्हीही हसलात, आणि तेवढ्यात पाना ठेवायला मागे वळलात. तुम्ही परत फिरलात तेव्हा माई इंजिनावर ओणवल्या होत्या. उजव्या हातात तबक होतं, डाव्या हाताने त्यांनी पदर आवरला होता. निरांजन आत चाललं होतं.

तुम्ही काही बोलला नाहीत. दोन ढांगांत पुढे गेलात, तबकाच्या कडेला हात घातलात आणि वाकून फुंकर मारलीत. अक्षता उडून माईंच्या तोंडावर गेल्या.

टँकरपाशी क्षणभर कुणी हललं नाही. मनसुखभाई स्कूटरला तोरण बांधत होते, ते उठून म्हणाले, "अरे प्रभाकरभाई, ये क्या? आरती फूंक दी?" तुम्ही उत्तर दिलं नाहीत. माईंनी तुमच्या चेहऱ्याकडे पाहिलं, तबक सरळ केलं आणि जिना चढायला लागल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. नंतर तुमच्याशी बोलत होत्या, भाजी काय आणायची, छत्री घे, एवढंच.

दुपारी फाटकाशी तुम्ही मला थांबवलंत. "सुधीर, हे वर बोलायचं नाही."

मी म्हणालो, "आईला सांगून टाका. त्यांना वाटतंय तुम्ही अपमान केलात."

"वाटू दे."

"का पण? कारण आहे ना!"

"काय सांगू तिला? तू हातात धरलेल्या दिव्याने आपण सगळे जळालो असतो, असं सांगू? ती पुन्हा निरांजन हातात धरेल का? वात लावताना दर वेळी तिला हेच दिसेल." तुम्ही फाटकाची कडी वर-खाली करत होतात. "रागावली तर रागावली. राग उतरतो."

मी म्हणालो, मग निदान नंतर सांगा. तुम्ही म्हणालात, "सांगेन. सावकाश सांगेन."

भावोजी, तेव्हा तुमचा हिशेब बरोबर होता. आई रागावलेली आणि मुलगा समोर, यात आईचं फार काही जात नव्हतं. तुम्ही गेलात आणि तो हिशेब उलटा झाला. आता रागाच्या जागी भीती आहे, आणि ती उतरवायला तुम्ही नाही.

मी बोळा घेतला. रविवारी रॉकेल होतं; ताईने न मागता वाटीत काढून दिलं होतं. उंदराचा काथ्या चिमट्याने उचलून कागदात गुंडाळला. बॅटरीच्या टोकांवर खायचा सोडा आणि दोन थेंब पाणी टाकलं, खरपुडी फसफसली, ती पुसली. तेलाचा थर खरवडत राहिलो. माई तिथेच होत्या. प्रत्येक काम संपलं की मी दुसरं शोधत होतो. सांगितलं तर त्यांना कळेल की त्यांच्या हाताने काय होणार होतं. नाही सांगितलं तर बुधवारी त्या एकट्या गावी जाऊन त्याच तळहाताकडे बघत बसतील. तुम्हाला विचारता आलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात याचा मी अंदाज बांधत होतो. फक्त प्राथमिक.

"सुधीर, तार सुटली का?" माईंनी विचारलं.

मी फडकं ठेवलं. "माई, त्या दिवशी इंजिनावर पेट्रोल होतं."

"गाडीत पेट्रोल असतंच की."

"आत असतं. त्या दिवशी बाहेर होतं. रॉकेल नव्हतं म्हणून भावोजींनी पेट्रोलने पुसलं होतं. टँकर आडवा आला, गाडी उन्हात नेता आली नाही. पेट्रोल वाळल्यासारखं दिसतं, पण त्याची वाफ तिथेच असते. दिसत नाही. तुमचं निरांजन आणखी हातभर पुढे गेलं असतं तर भडका उडाला असता."

माई इंजिनाजवळ आल्या. वाकून आत पाहू लागल्या, जणू ते अजून तिथे असेल.

"माझ्या अंगावर?"

"तुम्हीच पुढे होतात, माई."

"म्हणून फुंकलान?"

"हो. बोलायला वेळ नव्हता."

मला वाटलं त्या खाली बसतील, म्हणून मी स्टूल पुढे केलं. त्यांनी ते घेतलं नाही.

"म्हणजे रागावला नव्हता."

"नाही."

"घाबरला होता."

मी मान डोलावली.

"मला वाटलं रागावलाय," माई म्हणाल्या. "चेहरा पांढरा फटक पडला होता त्याचा. मी म्हटलं, एवढा राग? आईचा?" मग त्यांनी मला असं काही सांगितलं जे तुम्ही मला कधी सांगितलं नव्हतं. "लहानपणापासून तसाच. घाबरला की वाचा बसायची. गावी एकदा पडवीत माझ्या पायाशी फुरसं आलं. मला दिसलं नाही, मी तांदूळ निवडत होते. हा समोर उभा. ओरडेल की नाही? आई, साप, एवढं तरी म्हणेल? नाही. येऊन मला ढकलून दिलान अंगणात. कोपर फुटलं माझं. मी उठले आणि आधी त्याला बदडलं. मग वळून बघितलं तर फुरसं."

"मग?"

"मग काय? जवळ घेतलं. तोवर मार खाऊन झाला होता." त्या थांबल्या. "तेव्हासुद्धा बोलला नाही. मी मारत होते आणि हा उभा. तिकडे बोट तरी करायचं होतंन."

टिपून ठेवावं असं ते वाक्य होतं, पण माझे हात तेलकट होते, आणि तसंही ते मला विसरता येणार नाही.

"या वेळीही आधी मारलंच मी," माई म्हणाल्या. "वर्षभर मारलं. धड बोलले नाही त्याच्याशी."

"त्यांना कळत होतं, माई."

"कळत होतं तर सांगायचं! मेला, मुखदुर्बळ." हा शब्द त्यांनी इतक्या मायेने आणि इतक्या रागाने उच्चारला की वरच्या मजल्यावरून ताईने डोकावून पाहिलं. माई पदर डोळ्यांना लावून रडत होत्या. तुम्ही गेलात त्या दिवशी त्या रडल्या नव्हत्या, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

मग डोळे पुसता पुसता त्या एकदम थांबल्या. त्यांच्या आवाजात पुन्हा ती धास्ती आली.

"सुधीर, मनू कुठे होती तेव्हा?"

"वर," मी म्हणालो. "ताईजवळ."

"देवानेच ठेवलंन तिला वर," माई म्हणाल्या, आणि कठडा धरून जिना चढू लागल्या.

पिशव्या काढल्या, मोजल्या, तार परत जोडली. वास राहिला नाही याची खात्री होईपर्यंत बॉनेट उघडं ठेवलं. मग जमलेल्या शेजाऱ्यांना लांब उभं करून चावी फिरवली. गाडी कुरकुरली, थांबली, मग चालू झाली. मनसुखभाईंनी टाळ्या वाजवल्या. मला त्या आवाजाचा आनंद झाला नाही. इंजिन चालू होतं तोवर मी पुढे वाकून ठिणगी दिसते का ते पाहत होतो. तुमचा सगळा जन्म असा गेला असेल तर, भावोजी, तुम्ही दमला असाल.

बुधवारची एसटी माईंना न घेता गेली. तिकीट परत करायला मी गेलो होतो. त्या कायमच्या राहणार का, हे कुणी विचारलेलं नाही. ताई गाडी शिकायचं म्हणते आहे. माई म्हणतात, "शीक, पण आधी पुसायला शीक."

हा मजकूर छापून आला की ताई तो माईंना वाचून दाखवणार आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याने त्यांना स्वतःला वाचता येत नाही. मी ताईला सांगून ठेवलंय की 'पुसायला शीक' इथे थांब, पुढचं वाचू नकोस. का, ते तिला सांगावं लागलं नाही. ती म्हणाली, "मला माहीत आहे. दसऱ्याच्या संध्याकाळी मनूचा फ्रॉक धुवायला घेतला, तर पेट्रोलचा वास येत होता."

"मग बोलली का नाहीस?"

"ते सांगतील म्हणून थांबले होते."

जसं घडलं तसं सांगतो म्हणालो आणि एक गोष्ट गाळली. ती आता लिहितो. मनू वर नव्हती. ती गाडीत होती. इंजिनात हात घालू नये म्हणून तुम्हीच तिला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं होतंत. बॅटरीची तार काढलेली असल्याने हॉर्न वाजत नव्हता, म्हणून ती हॉर्न दाबत तोंडाने पीं पीं करत होती. माई जिना चढून गेल्यावर तुम्ही दार उघडलंत आणि तिला बाहेर काढलंत. तुमच्या हातांचं पेट्रोल तिच्या फ्रॉकला लागलं, ते तेव्हा. मला वाटलं तुम्ही तिला खाली ठेवाल. तुम्ही तिला घेऊन टँकरच्या पलीकडे, फाटकाबाहेर, पार रस्त्यापर्यंत गेलात आणि तिथे उन्हात उभे राहिलात. मी मागोमाग आलो. मनूने खिडकीतून फुंकर मारताना पाहिलं होतं, आणि फुंकर ती फक्त शेजारच्या मुलांच्या केकवरची ओळखत होती. ती तुमची हनुवटी धरून विचारत होती, "बाबा, कुणाचा हॅपी बड्डे?"

तुमचे ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. तिने पुन्हा विचारलं. मग तुम्ही म्हणालात, "सगळ्यांचा."